सिगिरियाच्या बायका आणि त्यांचे बघे

अजिंठ्याच्या वाटेवरच्या शाळेत जिची सगळी नोकरी चित्रकला शिकवण्यात गेली, तिला श्रीलंकेत गेल्यावरही अजिंठा सुटत नाही. सिगिरियाच्या कड्यातल्या खोबणीत पोचल्यावर मी पहिल्यांदा निळा रंग शोधला. तो नव्हता. गेरूचा तांबडा होता, पिवळी माती होती, हिरवी माती होती, काळा होता; निळ्याचा ठिपका दिसेना. अजिंठ्याला पहिल्या आणि सतराव्या लेण्यात जो निळा अजून चमकतो तो लाजवर्दाचा, थेट बदख्शानच्या खाणीतून व्यापाऱ्यांबरोबर आलेला. वाकाटकांच्या मंत्र्यांना आणि मांडलिकांना तो परवडत असे. इकडे प्रत्यक्ष राजाचं काम असून चित्रकारानं मातीच्या रंगांत भागवलं, आणि समोर उभं राहिल्यावर काही कमी पडलंय असं वाटत नाही. रंग मोजकेच दिले की मुलांचा हात सुधारतो, हे मी वर्गात कायम सांगत आले. इथे त्याला दीड हजार वर्षांपूर्वीचा साक्षीदार मिळाला.

सिगिरिया म्हणजे सिंहगिरी. मध्य श्रीलंकेत डंबुल्ल्याच्या जवळ, सपाट रानातून एकदम उठलेला सुमारे १८० मीटर उंचीचा कातळ. आपल्या गडांना डोंगराची सोंड असते, माची असते, हळूहळू चढत बालेकिल्ल्यावर जाता येतं. इथे तसं काही नाही. खाली रान आणि वर आकाश, मधे हा दगड. पायथ्याशी खंदक आणि आखीव पाणबागा, माथ्यावर राजवाड्याचे चौथरे आणि कातळात खोदलेलं तळं, आणि पश्चिमेच्या उभ्या कड्यात अधांतरी दोन खोबणी. त्या खोबणींत या बायका.

राजाची गोष्ट गाईड मंडळी फार रंगवतात, मी आटोपशीर सांगते. अनुराधपूरचा राजा धातुसेन. कलावेवासारखा प्रचंड तलाव बांधणारा. त्याचा कनिष्ठ राणीपासून झालेला मुलगा कश्यप. सेनापती मिगारानं भर दिली आणि कश्यपानं बापाला कैद करून मारलं. खजिना कुठे म्हणून विचारल्यावर म्हाताऱ्यानं कलावेवाचं पाणी ओंजळीत घेऊन ‘हाच माझा खजिना’ असं सांगितलं, अशी कथा आहे. गादीचा खरा वारस मोग्गल्लान भारतात पळाला. तो परत येईल या धास्तीनं कश्यपानं राजधानी या कातळावर आणली आणि इसवी सन ४७७ ते ४९५ असं इथून राज्य केलं. मोग्गल्लान फौज घेऊन आलाच. लढाईत कश्यपाचा हत्ती दलदल टाळायला वळला, फौजेला वाटलं राजा पळाला, फौज फुटली आणि कश्यपानं स्वतःच्या गळ्यावर शस्त्र चालवलं. ही सगळी हकीकत ‘चूळवंस’ या पाली बखरीतली. ती मागाहून भिक्षूंनी रचली आणि भिक्षूंची मर्जी कश्यपावर नव्हती, एवढं ध्यानात ठेवून वाचावी. त्या बखरीत सिंहाच्या जिन्याचा उल्लेख आहे, कुबेराच्या नगरीसारख्या महालाचा आहे. चित्रांबद्दल मात्र अक्षर नाही.

वॉल्टर स्पिंक यांनी अजिंठ्याची जी कालगणना मांडली, तिच्यानुसार वाकाटक सम्राट हरिषेण ४७७ सालीच वारला आणि लेण्यांची कामं अर्धवट पडत गेली. तेच साल कश्यपाच्या राज्यारोहणाचं. हे वाचल्यावर बेकार झालेले अजिंठ्याचे चित्रकार सोपाऱ्याच्या बंदरातून लंकेला निघाले, अशी एक झकास कादंबरी माझ्या डोक्यात तयार झाली होती. पुरावा काडीचाही नाही. आणि चित्रं पाहिल्यावर ती कादंबरी मी स्वतःच गुंडाळून ठेवली. कारण हात वेगळा आहे.

अजिंठ्याचा चित्रकार गर्दीचा माणूस. राजा, दासी, माकडं, छत्र्या, खिडकीतून डोकावणारे शेजारी. भिंतीवर इंचभर जागा रिकामी दिसली की तो तिथे एक फूल टाकतो. त्याला गोष्ट सांगायची असते. सिगिरियात गोष्टच नाही. मोकळ्या जमिनीवर एक बाई, किंवा एक गोरी आणि तिच्यासोबत एक सावळी. हातात कमळ, फुलांचं तबक, बोटांमधून सुटत असलेली पाकळी. कमरेखाली ढग. बस. रेषा अजिंठ्याइतकी संथ नाही; कुंचला भरून घेऊन एका झटक्यात खांद्यापासून कोपरापर्यंत आणलेली आहे. गालाच्या, मानेच्या कडेला गडद रंगाचा हात देऊन गोलाई आणायची रीत दोन्हीकडे सारखी. पण सिगिरियाच्या चित्रकाराला घाई होती, आणि ती त्याला शोभली.

एका बाईला तीन हात दिसतात. गाईड ते हसत दाखवतात, लोकही हसतात. वास्तविक ती चित्रकाराची दुरुस्ती आहे. पहिल्यांदा हात एका ठिकाणी काढला, मग मनासारखा वाटेना म्हणून दुसरीकडे वळवला आणि जुन्यावर रंग फिरवला. वरचा रंग काळानं विटला आणि झाकलेली रेघ पुन्हा वर आली. मी त्या तिसऱ्या हातापुढे जास्त वेळ थांबले. पूर्ण झालेल्या चित्रात चित्रकाराचं कसब दिसतं, पण तो काय विचार करत होता ते अशा ठिकाणीच कळतं.

गिलाव्याची कृती आपल्याकडच्यासारखीच: आधी भाताचं तूस आणि तंतू मिसळलेल्या चिखलाचा थर, वर चुना आणि वाळू, मग गुळगुळीत चुन्याचा हात. या चित्रांना सरसकट फ्रेस्को म्हणतात, पण चुना ओला असतानाच रंग लावायचा तो इटालियन प्रकार हा नव्हे, असं रसायनतज्ज्ञ राजा डी सिल्वा यांनी सांगितलं आहे. अजिंठाही फ्रेस्को नाही, पाट्यांवर आणि पुस्तकांत काहीही लिहिलेलं असो.

मोजदाद ब्रिटिश काळातले पहिले पुरातत्त्व आयुक्त एच. सी. पी. बेल यांनी केली: अ खोबणीत पाच, ब खोबणीत सतरा, एकूण २२ आकृत्या. लोखंडी गोल जिन्यानं आपल्याला ब खोबणीतच जाता येतं. पण मुळात या एवढ्याच नसाव्यात. कड्यावर इतर ठिकाणीही गिलाव्याचे अवशेष आहेत, आणि जॉन स्टिल यांनी १९०७ साली लिहून ठेवलं की कड्याचा सगळा पश्चिम चेहराच एक चित्रशाळा असावी, सुमारे १४० मीटर लांब आणि ४० मीटर उंच. जुन्या एका पद्यात पाचशे बायकांचा आकडा येतो. तो शब्दशः घेऊ नये. पाली कथांमध्ये भिक्षू पाचशे, व्यापारी पाचशे आणि चोरही पाचशेच असतात. तरीही शिल्लक आहेत त्यापेक्षा कितीतरी जास्त होत्या हे नक्की, आणि वाचल्या त्या खोबणीचं छप्पर डोक्यावर होतं आणि माणसाचा हात पोचत नव्हता म्हणून.

या कोण, यावर विद्वानांनी शंभर वर्षं वाद घातला. बेल म्हणाले, राजस्त्रिया आणि त्यांच्या दासी. उत्तरेला पिदुरंगलाच्या विहाराकडे फुलं घेऊन चालल्या आहेत. आनंद कुमारस्वामी म्हणाले, अप्सरा. सेनारत परणवितान यांनी आणखी पुढची पायरी गाठली: कश्यपानं स्वतःला कुबेर मानलं, हा कातळ म्हणजे त्याची अलका, तेव्हा गोऱ्या त्या विजा आणि सावळ्या त्या मेघ. अलका म्हटल्यावर मराठी वाचकाला मेघदूत आणि रामटेक आठवणारच. मलाही आठवलं आणि क्षणभर पटलंही. राजा डी सिल्वा यांनी मात्र सगळा डावच उधळला. त्यांच्या मते इथे राजवाडा नव्हताच, विहार होता, आणि या सगळ्या आकृत्या एकाच देवीच्या, तारेच्या.

माझं मत चित्रकलेच्या बाईचं आहे, इतिहासकाराचं नाही. ढगात कंबर बुडवलेली बाई चित्रकार उगाच काढत नाही. पाय जमत नव्हते म्हणून झाकले म्हणावं, तर असे हात काढणाऱ्याला पाय का जमू नयेत? तेव्हा त्या आकाशातल्या, हे कुमारस्वामींचं म्हणणं मला मान्य. पण चेहरे आकाशातले नाहीत. एकीची हनुवटी जड, एकीचे डोळे झोपाळलेले, एक तर उघड उघड थोराड वयाची. एकाच देवीचे इतके वेगवेगळे चेहरे कुणी का काढील? चित्रकारानं अप्सरा काढायला घेतल्या आणि समोर दिसणाऱ्या बायकांचे चेहरे वापरले. सगळीकडचे चित्रकार हेच करतात. ‘यांच्या अंगावर कपडे का नाहीत?’ हा प्रश्न आमच्याबरोबरच्या एका गृहस्थांनी मोठ्यानं विचारला. सावळ्यांच्या छातीवर पट्टा आहे. गोऱ्यांच्या दंडाशी नीट पाहिलं तर अगदी तलम वस्त्राच्या काठाची रेघ सापडते. पण नीट पाहायला कुणाला वेळ असतो?

ज्यांना वेळ होता, त्यांची हकीकत आता सांगते, आणि माझ्या मते सिगिरियाचं खरं नवल तिथे आहे. खोबणींच्या खालून कड्याला लगटून एक वाट जाते. तिच्या बाहेरच्या अंगाला विटांची उंच भिंत आहे, आतून चुन्याचा गिलावा इतका घोटलेला की तिला आरशाची भिंत म्हणतात. कश्यप मेला, मोग्गल्लानानं राजधानी पुन्हा अनुराधपूरला नेली, कातळ भिक्षूंच्या हाती गेला. आणि पुढे आठव्या ते दहाव्या शतकात, चित्रकाराला जाऊन तीन-चारशे वर्षं झाल्यावर, माणसं लांबलांबून फक्त या बायका बघायला येऊ लागली. बघून झालं की लोखंडी लेखणीनं त्या चकचकीत भिंतीवर बारीक अक्षरांत एखादं पद्य कोरायचं, खाली किंवा वर नाव, गाव, हुद्दा. परणवितान यांनी यातली ६८५ पद्यं वाचून १९५६ साली ‘सिगिरी ग्राफिटी’ या नावानं दोन खंडांत छापली. पुढे आणखीही वाचली गेली. सिंहली भाषेच्या जुन्या कवितेचा एवढा मोठा आणि एवढा निखळ साठा दुसरीकडे नाही.

लिहिणारे कोण? भिक्षू आहेत, अधिकारी आहेत, शिपाई आहेत. कुणाची बायको आहे. म्हणजे घरातली बाई डोंगर चढून आली, तिनं चित्र पाहिलं, तिला अक्षर येत होतं आणि मत नोंदवावंसं वाटलं. हे हजार-बाराशे वर्षांपूर्वी. आपल्याकडे मराठीतला अक्षीचा शिलालेख १०१२ चा, आणि तोही दानाचा, राजकारभाराचा. साध्या माणसाचा सूर ऐकायचा तर त्याआधीच्या प्राकृतातल्या गाथासप्तशतीकडे जावं लागतं. तिथेही गाथा संपादकानं निवडून घेतलेल्या. इथे संपादक नाही. ज्याला जे सुचलं ते त्यानं कोरलं, चांगलं आणि वाईटही.

पुरुषांची तक्रार बहुतेक एकच: या सोनेरी कांतीच्या, हरिणाक्षी बायका आमच्याशी बोलत नाहीत. एवढं चढून आलो, जीव तळमळतो, आणि यांच्या तोंडातून शब्द नाही. कुणी दगडाला दोष देतो, कुणी राजा गेल्याच्या दुःखानं त्या मुक्या झाल्या असं स्वतःचं समाधान करून घेतो. बायकांचा सूर निराळा. त्यांत हेवा आहे, टोमणा आहे. रंगवलेल्या बाईवर जीव टाकणाऱ्या पुरुषांकडे बघण्याची एक तिरकी नजर आहे. विद्वानांनी विजा, मेघ, तारा अशी नावं पुढे दिली. भिंतीवरच्या बघ्यांना तो प्रश्न फारसा पडलेला दिसत नाही. त्यांच्यासाठी या बायकाच होत्या. आम्ही अजिंठ्याच्या पद्मपाणीपुढे पिढ्यानपिढ्या मुलं उभी केली, पण सातव्या-आठव्या शतकातल्या कुणा बघ्याला त्याच्यापुढे काय वाटलं, हे सांगणारी अशी भिंत आपल्याजवळ नाही.

आपल्याजवळ काय आहे, तर जॉन स्मिथ. एप्रिल १८१९ मध्ये वाघाच्या शिकारीला आलेल्या या मद्रासच्या लष्करी अधिकाऱ्यानं दहाव्या लेण्यातल्या खांबावर, चित्राच्या अंगावरच, आपलं नाव आणि तारीख कोरली. लेण्यात तेव्हा दगडमातीचा ढीग साचलेला होता, म्हणून ते नाव आज डोक्याच्या वर दिसतं. सहलीत मी मुलांचे खिसे तपासून करकटक, खिळे काढून घेत असे आणि मग त्यांना स्मिथचं नाव दाखवत असे. एक मुलगी हटकून विचारायचीच: बाई, त्याचं नाव पुस्तकात येतं, मग आमचं का नाही? सिगिरियाला मला त्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. स्मिथनं स्वतःबद्दल लिहिलं. आरशाच्या भिंतीवरचे लोक चित्राबद्दल लिहीत होते, आणि चित्राला हात न लावता शेजारच्या कोऱ्या भिंतीवर लिहीत होते. अर्धं अशासाठी म्हणते, की भिंत तीही कुणीतरी मेहनतीनं घोटलेली होती.

एक गंमत आणखी. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात उजव्या भिंतीवर लंका रंगवलेली आहेच. सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा: जहाज फुटून तो बेटावर लागतो, तिथल्या सुंदर बायका प्रत्यक्षात माणसं खाणाऱ्या राक्षसिणी निघतात, आणि शेवटी तो हत्तीघोडे होड्यांत घालून बेट जिंकायला जातो. आमच्या चित्रकारानं लंका पाहिलेली नसणार. तिच्याबद्दल ऐकीव भीती तेवढी रंगवली. त्याच सुमारास त्या बेटावरचा चित्रकार ढगात फुलं उधळणाऱ्या बायका काढत होता.

मधल्या शतकांत सिगिरिया रानात बुडालं. १८३१ साली मेजर फोर्ब्ज इथे आले, १८७५ साली ऱ्हीस डेव्हिड्स यांनी दुर्बिणीतून चित्रं पाहिली. वर पोचले ते ॲलेक मरे, बांधकाम खात्यातले अधिकारी, १८८९ मध्ये. खालच्या वाटेपासून खोबणी चाळीसेक फूट उंच. गावकरी भुताखेतांच्या भीतीनं तयार होईनात असं सांगतात. मरे यांनी कड्यात भोकं पाडून लोखंडी गज बसवले आणि वर जाऊन काही आकृत्या पातळ कागदावर गिरवून घेतल्या. पुढे १८९६-९७ मध्ये बेल यांचे नकलाकार डी. ए. एल. पेरेरा यांनी तैलरंगांत नकला केल्या. नेमकी त्याच काळात, १८९६-९७ मध्ये, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या ग्रिफिथ्स यांची अजिंठ्यावरची ग्रंथराजी छापून आली. ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या नकलांपैकी पुष्कळशा लंडनला १८८५ च्या आगीत जळाल्या होत्या, त्याआधी याच चित्रांच्या नकला करणाऱ्या गिल यांच्या १८६६ मध्ये. अजिंठ्याच्या नकलांचं नशीबच वाईट. पेरेरांच्या नकला वाचल्या, कोलंबोत आहेत.

आणि मग हात पोचला. १४ ऑक्टोबर १९६७ रोजी कुणीतरी खोबणीत शिरून कितीतरी आकृत्यांवर हिरवा रंग फासला आणि दोन आकृत्या खरवडून काढल्या. दीड हजार वर्षं ज्या उंचीनं चित्रं राखली, तिचा उपयोग जिना बसवल्यावर संपलेला होता. रोमहून लुचानो मारांझी हे इटालियन तज्ज्ञ आले; त्यांनी आणि श्रीलंकेच्या पुरातत्त्व खात्यातल्या लोकांनी तो रंग मुळातल्या रंगाला धक्का न लावता उतरवला. अजिंठ्यालाही इटालियन आले होते, १९२० मध्ये, निजाम सरकारनं बोलावलेले चेक्कोनी आणि ओर्सिनी. त्यांनी सुटलेला गिलावा पक्का केला, ते उपकार खरे. पण वर जे लाखेचं रोगण दिलं ते पिवळं पडत गेलं आणि काढता काढता पुरातत्त्व खात्याच्या लोकांचा जन्म गेला. त्याच कामातून पुढच्या पिढ्या शिकल्या असं म्हणून सोडून द्यावं.

आज खोबणीत फोटो काढायला बंदी आहे, रखवालदार असतात, आणि आरशाच्या भिंतीला हात लावू देत नाहीत. २०१५ च्या फेब्रुवारीत एका तरुण मुलीनं भिंतीवर आपलं नाव कोरलं म्हणून तिला दोन वर्षांची कैद सुनावली गेली. पुढे राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली आणि ती सुटली. कायदा बरोबर होता असं मी म्हणेन. दोन वर्षं मात्र फार झाली. जिच्या आधीचे शेकडो कोरणारे पाठ्यपुस्तकांत कवी म्हणून शिकवले जातात, तिला निदान ते कोण होते हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. शिकवणारे आम्ही तिथे कमी पडतो.

तुम्ही जाणार असाल तर आधी कोलंबोच्या राष्ट्रीय संग्रहालयात पेरेरांच्या नकला निवांत पाहून घ्या, कारण खोबणीत मागची रांग पुढे ढकलते. सिगिरियाला सकाळी लवकर चढा. वही आणि पेन्सिल न्या. फोटो काढता येत नाही हे बरंच आहे, खाली उतरल्यावर झाडाखाली बसून आपल्या ग्रेड परीक्षेतल्यासारखं एक स्मरणचित्र काढा, तिसऱ्या हातासकट. आणि पद्य सुचलंच, तर त्याच वहीत लिहा.